सरपण, चूल आणि पायांची काळजी

बालाघाटात गॅस घरोघरी आला, तरी सरपण घरातून गेलेले नाही. कुणाच्या मागच्या अंगणात पाण्याचा बंब आहे, कुणाकडे पाणी तापवायची चूल. थंडीत शेकोटी पेटते. पापड-कुरडयांच्या दिवसांत मोठे पातेले चुलीवरच चढते, आणि गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला तर भट्टीशिवाय चालतच नाही. जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाखाली आहे. साल, साग, ऐन (इकडे त्याला साजा म्हणतात), धावडा, मोह, तेंदू आणि बांबू ही इथली ओळखीची झाडे. बांधावरची बाभूळ त्याहून जवळची. त्यामुळे जळतण इथे सहज मिळते आणि सहज वापरलेही जाते.

चुलीच्या धोक्यांविषयी बोलताना आपण धुराबद्दल बोलतो, डोळ्यांबद्दल बोलतो, पदर पेटण्याबद्दल बोलतो. पायाचा विषय मात्र निघत नाही. कुऱ्हाड सटकते ती पायावर, ओंडका निसटतो तो पायावर, पातेले कलंडते तेव्हा उकळते पाणी आधी पायावर येते आणि निखारा पडतो तोही जमिनीवर, म्हणजे पायाखालीच. आणि नेमक्या याच ठिकाणी आपण चपला काढून ठेवतो. स्वयंपाकघरात चप्पल नको, महाप्रसादाच्या चुलीजवळ तर नकोच, ही आपली रीत. तिच्यामागचा स्वच्छतेचा आणि सोवळ्याचा भाव समजण्यासारखा आहे. पण त्याची किंमत पायाने मोजावी लागू नये, एवढी सोय करता येते. ती कशी करायची आणि लागलेच तर काय करायचे, याची माहिती सभासदांच्या घरी हाताशी असावी म्हणून हा लेख.

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण पाहा. भरवेली, उकवा आणि तिरोडी इथे मँगनीजच्या खाणी आहेत, मलाजखंडला तांब्याची. खाणीत पाऊल टाकायचे तर पायात सुरक्षा बूट हवेतच, असा नियम आहे. तोच माणूस सुट्टीच्या दिवशी घरी हवाई चप्पल घालून, कधी अनवाणी, कुऱ्हाड चालवतो. दगड पायाला लागतो आणि लाकूड लागत नाही, असे तर नाही.

लाकूड उतरवताना आणि रचताना

ओले लाकूड फार जड असते. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पाणी असू शकतो. साल, धावडा, बाभूळ ही लाकडे वाळल्यावरही वजनदारच. म्हणून दिसायला लहान असलेला ओंडकाही अंदाजापेक्षा जड निघतो आणि हातातून सुटतो.

• गाडीतून लाकूड उतरवताना वर उभ्या माणसाने खाली फेकू नये. खालच्या माणसाने हातात घ्यावे. फेकायचेच असेल तर खाली कुणी उभे राहू नये.

• मोळी सोडताना दोरी कापू नये, गाठ सोडावी. ताणलेली दोरी कापली की फाटे एकदम घरंगळतात.

• सरपणाची रास घराच्या भिंतीला टेकवून लावू नये. विटा किंवा दोन आडवी लाकडे टाकून जमिनीपासून साधारण फूटभर उंच रचावी. लाकूड लवकर वाळते, वाळवी कमी लागते आणि खाली काय आहे ते दिसते.

• जाड लाकडे खाली, बारीक वर. रास कमरेपेक्षा उंच नेऊ नये. लाकूड नेहमी वरून काढावे. मधले ओढले की वरची सगळी पायावर येतात.

• राशीत हात किंवा पाय घालण्याआधी काठीने लाकडे हलवावीत. रात्री तर बॅटरीशिवाय जाऊच नये.

कुऱ्हाड चालवताना

गावाकडे एक सवय सर्रास दिसते. लाकूड आडवे टाकायचे, एका पायाने दाबून धरायचे आणि घाव घालायचा. पावलावरच्या आणि नडगीवरच्या जखमांना हे सरळ आमंत्रण आहे. तसेच वाळकी काटकी दगडावर तिरपी ठेवून टाचेने मोडणेही टाळावे. काटकी मोडताना उडते, आणि मोडलेले टोक तळव्यात घुसते.

लाकूड फोडायला रुंद, न हलणारा ठोकळा घ्यावा. त्याची उंची गुडघ्याएवढी किंवा थोडी कमी असावी. फोडायचे लाकूड ठोकळ्याच्या मधोमध न ठेवता आपल्यापासून दूरच्या बाजूला उभे करावे. घाव चुकला तर कुऱ्हाड ठोकळ्यात रुतते, पायापर्यंत पोचत नाही. पाय खांद्याएवढे फाकलेले आणि एका रेषेत असावेत, एक पाय पुढे नको. घाव खाली येताना गुडघे थोडे वाकवावेत, म्हणजे कुऱ्हाडीचे पाते सरळ खाली जाते, पायाकडे वळत नाही.

कामाला लागण्याआधी कुऱ्हाड तपासावी. पाते दांड्यात हलत असेल तर पाचर ठोकून घट्ट करावे. पाण्यात भिजवून फुगवलेला दांडा वाळला की पुन्हा सैल होतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवू नये. बोथट कुऱ्हाड धारदार कुऱ्हाडीपेक्षा जास्त घातक असते, कारण ती लाकडात न शिरता घसरते. गाठीचे लाकूड पाचर आणि घणाने फोडावे, कुऱ्हाडीशी झगडू नये. आजूबाजूच्या ढलप्या मधूनमधून बाजूला कराव्यात. त्यांवरून पाय घसरण्याचे प्रसंग नेहमीचेच. मुलांना आणि बघ्यांना कुऱ्हाड आणि हात मिळून जेवढी लांबी होते, तिच्या दुप्पट तरी दूर उभे करावे.

चुलीजवळ

चुलीतून बाहेर डोकावणारे लाकूड म्हणजे पायात अडकणारी काठीच. एवढ्या लांबीची लाकडे घालू नयेत की ती वाटेत येतील. लाकूड पुढे सारायचे ते हाताने किंवा चिमट्याने, पायाने नाही. ही सवय अनेकांना असते आणि भाजते ते बहुधा अंगठ्याला.

राखेबद्दल विशेष सावध राहावे. राख उष्णता धरून ठेवते. वरून करडी, थंड दिसणारी राख आत कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, निखारे जिवंत ठेवते. पूर्वी विस्तव राखून ठेवायचे ते याच गुणाच्या जोरावर. म्हणून राख उकिरड्यावर किंवा अंगणात उघडी टाकू नये. झाकणाच्या लोखंडी डब्यात काढावी, पाणी शिंपडावे आणि पूर्ण निवल्यावरच टाकावी.

बांबूचे तुकडे अख्खे जाळू नयेत. दोन पेरांमधली हवा आणि ओल तापून पसरते, पेर फटाक्यासारखे फुटते आणि निखारे चहूकडे उडतात. आपल्याकडे बांबू भरपूर, त्यामुळे ही चूकही भरपूर. जाळण्याआधी बांबू उभा चिरून घ्यावा. ओले लाकूडही तडतडते आणि ठिणग्या टाकते, म्हणून सरपण निदान एक उन्हाळा खाल्लेले असावे.

गांगुलपाऱ्याला किंवा वैनगंगेच्या काठी सहलीला गेलो की तीन दगडांची चूल मांडली जाते. नदीतले ओले दगड त्यासाठी घेऊ नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतात, कधी फुटून उडतात. कोरड्या विटा बरोबर न्याव्यात. निघताना चूल वाळूने झाकू नये. वाळू विस्तव विझवत नाही, लपवते. नंतर तिथे खेळणारे एखादे मूल अनवाणी त्यावर पाय देते. भरपूर पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे, आणि हात जवळ नेऊन धग लागत नाही याची खात्री करावी.

बंबाच्या आणि पातेल्यातल्या पाण्याचा धोका विस्तवाइतकाच असतो. ६० अंश सेल्सिअसचे पाणी मोठ्या माणसाची कातडी सुमारे ५ सेकंदांत खोलवर भाजते. लहान मुलांची कातडी पातळ, तिला त्याहून कमी वेळ लागतो. उकळते पाणी १०० अंशांजवळ असते. म्हणून बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. उकळत्या पाण्याचे पातेले एकट्याने, ओल्या फरशीवरून, अनवाणी नेऊ नये.

महाप्रसादाची चूल

इथे धोका सर्वांत जास्त असतो, कारण भांडी मोठी, माणसे अनेक, घाई असते आणि पाय उघडे. मंडळांच्या कार्यक्रमांत पुढील गोष्टी सहज करता येतील.

• भट्टीभोवती साधारण दीड मीटरवर चुन्याची किंवा रांगोळीची रेघ आखावी. रेघेच्या आत फक्त स्वयंपाक करणारे. मुले अजिबात नाहीत.

• स्वयंपाकासाठी वेगळे, धुतलेले, चामडे नसलेले बंद कापडी बूट ठेवावेत. ते मांडवाबाहेर जात नाहीत आणि बाहेरचे बूट आत येत नाहीत. सोवळे पाळणाऱ्या ज्येष्ठांनाही या तोडग्याला हरकत घ्यायचे कारण उरत नाही.

• डाळीचा किंवा भाताचा हंडा उतरवायला दोन माणसे, जाड कोरडी फडकी आणि मोकळी वाट हवी. वाटेत कुणी बसू नये. ओले फडके वापरू नये, त्यातून वाफ होऊन हात भाजतो आणि हंडा सुटतो.

• पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या आणि एक मग रेघेजवळ ठेवावेत. विस्तवासाठीही आणि भाजलेल्या पायासाठीही.

• कार्यक्रम संपल्यावर भट्टी विझवण्याची जबाबदारी एका माणसावर नाव घेऊन द्यावी. सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही.

पायात काय घालावे

कुऱ्हाडीच्या आणि ओंडक्यांच्या कामाला पुढे पोलादी टोपी असलेले सुरक्षा बूट सर्वांत चांगले. आयएस १५२९८ या भारतीय मानकातील सुरक्षा बुटाच्या टोपीची परीक्षा २०० ज्यूलच्या आघाताने घेतात. म्हणजे सुमारे २० किलोचे वजन एक मीटर उंचीवरून बोटांवर पडले तरी ती सोसते. औद्योगिक सामानाच्या दुकानात असे बूट मिळतात. ते नसतील तर जाड तळव्याचे बंद चामडी बूटही हवाई चपलेपेक्षा कितीतरी बरे.

विस्तवाजवळ रबरी किंवा प्लॅस्टिकच्या चपला आणि गमबूट घालू नयेत. ते वितळून कातडीला चिकटतात. गमबुटात वरून गरम पाणी शिरले तर ते आतच साठून राहते आणि जखम खोल जाते. तसे झाले तर बूट ताबडतोब काढावा. मोजे सुती असावेत, नायलॉनचे नकोत. साडी किंवा लुंगी घोट्याच्या वर खोचलेली असावी.

लागलेच तर

भाजल्यास: पाय लगेच वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली धरावा आणि पूर्ण २० मिनिटे तसाच ठेवावा. नळ नसेल तर मगाने पाणी ओतत राहावे. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. पायातली जोडवी, पैंजण, बूट, मोजे सूज येण्याआधी काढावेत. मागाहून जोडवी कापून काढावी लागतात. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. बर्फ, तूप, हळद, टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून दवाखान्यात जावे. तळव्याचे, बोटांचे किंवा सांध्यावरचे भाजणे, माणसाच्या तळहातापेक्षा मोठे भाजणे, पांढरी किंवा काळी पडलेली आणि दुखत नसलेली कातडी, तसेच लहान मुले, वृद्ध आणि मधुमेही यांचे कुठलेही भाजणे घरी सांभाळू नये. न दुखणारे भाजणे हलके नसते, ते खोल असते.

कुऱ्हाडीचा घाव: स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दाबून धरावी, माणसाला झोपवून पाय उंच करावा. दहा मिनिटे कापड उचलून पाहू नये. रक्त वर आले तर त्याच कापडावर दुसरे ठेवावे. आत काही रुतले असेल तर ते काढू नये, भोवतीने दाबावे. साध्या जखमेवर दोरी करकचून आवळू नये. पायाचा अंगठा वर उचलता येत नसेल किंवा बोटे बधिर झाली असतील तर स्नायूची दोरी किंवा नस तुटलेली असू शकते. बाहेरून जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे.

ओंडका पडल्यास: बोट वाकडे दिसणे, पाऊल टेकता न येणे, नखाखाली रक्त साठून ठणका लागणे ही हाड मोडल्याची लक्षणे असू शकतात. पाय उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा, मालिश करू नये आणि एक्स-रे काढून घ्यावा.

काटा किंवा कूस: साबणाच्या पाण्याने जागा धुवावी, ज्या दिशेने कूस शिरली त्याच दिशेने स्वच्छ चिमट्याने ओढावी. लाकडी कूस पाण्यात भिजवत बसू नये, ती फुगून तुटते. आत तुटली असेल तर सुईने कोरू नये. लाकूड साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. सोनोग्राफीत दिसण्याची शक्यता जास्त असते. काटा लागल्यावर काही महिन्यांनी त्या जागी न दुखणारी गाठ आली, सूज वाढत गेली आणि छिद्रांतून पू किंवा बारीक कण येऊ लागले तर तो मायसेटोमा असू शकतो. मदुराईवरून या रोगाला मदुरा फूट हे जुने नाव पडले. मातीतले जंतू काट्यावाटे शिरून तो होतो आणि अनवाणी काम करणाऱ्यांत जास्त आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. लवकर ओळखला तर पाय वाचतो.

धनुर्वात: त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. गंजलेला खिळा लागला तरच धनुर्वात होतो, हा समज चुकीचा आहे. माती लागलेल्या किंवा खोल जखमेत शेवटचा डोस घेऊन ५ वर्षे झाली असतील तर पुन्हा इंजेक्शन लागते, स्वच्छ लहान जखमेत १० वर्षांनी. आता टीटीच्या जागी टीडी देतात. किती वर्षांपूर्वी घेतले ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे.

साप आणि विंचू: सरपणाच्या राशीत दोघेही आसऱ्याला येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर एकच संयुक्त प्रतिविष सरकारी रुग्णालयांत मिळते. मण्यारचा दंश अनेकदा दुखतही नाही, म्हणून दुखत नाही तर काही झाले नाही असे समजू नये. पैंजण-जोडवी काढावीत, पाय हलवू न देता काठी बांधून स्थिर करावा आणि १०८ ला फोन करावा. चिरणे, चोखणे, आवळून बांधणे, मंत्र यांत वेळ घालवू नये. विंचू चावल्यावर घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय किंवा धाप अशी लक्षणे दिसली तर रुग्णालय गाठावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू कसे टाळता येतात ते दाखवून दिले. आज त्या उपचाराने माणसे वाचतात, पण वेळेवर पोचली तरच.

ज्यांना पायाची जाणीव कमी आहे

घरात मधुमेही आजी-आजोबा असतील तर हा भाग दोनदा वाचावा. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चटका बसतो आणि कळत नाही. शेकोटीला पाय धरून बसलेल्या माणसाच्या तळव्याला फोड आलेला सुनेला किंवा नातवाला दिसतो, त्याला स्वतःला नाही. तशी जखम भरायला महिने लागतात आणि कधी पायावर बेतते. कुष्ठरोगात पाऊल बधिर झालेल्यांचेही असेच होते. बाबा आमटे यांच्या आनंदवनासारख्या संस्थांत बधिर पायांसाठी मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या खास चपला का देतात, ते यावरून समजते.

अशा व्यक्तीने शेकोटीपासून पाय दूर ठेवावेत, हात शेकावेत. आंघोळीच्या पाण्याची धग पायाने नव्हे, कोपराने पाहावी, किंवा दुसऱ्याने पाहून द्यावी. घरातही अनवाणी चालू नये. चप्पल घालण्याआधी ती झटकून आत हात फिरवावा. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, किंवा नातवंडांना हे काम द्यावे. लहान जखमही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

घरी लावून ठेवण्यासाठी

१. कुऱ्हाड हातात, तर बंद बूट पायात.
२. लाकूड पायाने धरायचे नाही, पायाने सारायचे नाही.
३. चुलीसाठी वेगळे, धुतलेले पायताण.
४. राख डब्यात, बांबू चिरून, दगड कोरडे.
५. भाजले तर २० मिनिटे पाणी, जोडवी लगेच बाहेर.
६. मधुमेह असेल तर रोज पाय पाहायचे.
७. गंभीर प्रसंगी १०८.

चुलीवरच्या भाकरीची चव आणि बंबाच्या पाण्याची ऊब कुणी सोडावी असे नाही. दारात चपलांच्या शेजारी स्वयंपाकाच्या बुटांचा एक जोड ठेवायचा, एवढीच नवी सवय हवी आहे. येत्या गणेशोत्सवात मंडळाच्या भट्टीपासूनच तिची सुरुवात करता येईल.